नाल कोणाच्या खिशात?

जुगाराच्या अड्ड्यावर किती जण बसले आहेत याला महत्त्व नसतं. त्यांच्यातला एक माणूस पत्त्याला हात न लावता रोज जिंकतो. जागा त्याची, सतरंजी त्याची, दिवाही त्याचा. प्रत्येक डावातून त्याच्यासाठी काही पैसे बाजूला काढले जातात, त्यांना नाल म्हणतात. मुंबई इलाख्यातल्या जुगाराच्या खटल्यांत हा शब्द वारंवार भेटतो, कारण नाल घेतली जात होती की नाही यावरच बरेचदा निकाल फिरे. ऑनलाइन कॅसिनोत ई-वॉलेटने पैसे भरणाऱ्या माणसाला आज तुझी नाल किती असं विचारलं, तर तो बहुधा शून्य म्हणेल. बटण दाबलं, पैसे गेले, कोणी काही कापलं नाही, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कशी तयार झाली हे पाहायचं तर जुगारातल्या पैशाच्या वाहतुकीचा इतिहास चाळावा लागतो. त्यात एक गोष्ट ठळक दिसते. पूर्वी नाल डोळ्यांसमोर कापली जाई आणि ती घेणाऱ्यावर काही जबाबदारीही असे. ई-वॉलेटने नालेचे तुकडे केले, ते अनेक खिशांत विखुरले, आणि जबाबदारी मात्र त्यांतल्या कुठल्याच खिशात राहिली नाही. शुल्काची टक्केवारी हा यातला लहान भाग आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या जागी चालवायचा, फासे आणि कवड्या सरकारी पुरवायच्या, हातचलाखीने त्या बदलणाऱ्याला दंड करायचा, असं त्याचं काम. जिंकलेल्या रकमेतून तो शेकडा पाच घेई. शिवाय फाशांचं भाडं, पाण्याचे पैसे आणि जागेचे पैसे वेगळे. पाण्याचेही पैसे लावणारी ही व्यवस्था चिक्कू खरी, पण तिच्यात काय कशाचं ते वेगवेगळं सांगितलेलं होतं. याज्ञवल्क्यस्मृती त्यापुढे जाते. तिथे अड्डा चालवणाऱ्याला सभिक म्हटलं आहे. शंभर किंवा त्याहून जास्त जिंकणाऱ्याकडून त्याने शेकडा पाच घ्यावेत, बाकीच्यांकडून शेकडा दहा. त्या बदल्यात राजाने त्याचं रक्षण करायचं आणि त्याने राजाचा ठरलेला वाटा पोचवायचा. या सगळ्यात फारसा न वाचला जाणारा भाग असा की हरलेल्याकडून पैसे वसूल करून जिंकलेल्याला देण्याचं कामही सभिकाचंच. आणि राजाचा वाटा चुकता झालेला असेल, खेळ सभिकासमक्ष उघडपणे झालेला असेल, तर ही वसुली राजाने करवून द्यायची. चोरून खेळलेल्या डावाला मात्र हे संरक्षण नाही. स्मृतिकारांना जुगाराचं प्रेम होतं असं कोणी म्हणणार नाही. मनूला तर तो राज्यात नकोच होता. पण जिथे चालू द्यायचा तिथे कपात आणि कर्तव्य एकाच माणसाच्या गळ्यात बांधायचं, हा व्यवहारी शहाणपणा याज्ञवल्क्याकडे होता.

पैसा एका हातातून दुसऱ्या हातात, एका गावातून दुसऱ्या गावात नेण्याची किंमत आपल्याकडे नेहमीच मोजली गेली आणि तिला नावंही मिळाली. पेशवाईत अनेक टांकसाळींचे रुपये चालत, एक नाणं देऊन दुसरं घेताना सराफ बट्टा कापे. पुण्याहून काशीला रक्कम पाठवायची तर हुंडी करावी लागे आणि तिची हुंडणावळ द्यावी लागे. बट्टा आणि हुंडणावळ यांवर लोक कुरकुरत असतील, पण हे शब्द बोलीत आहेत याचाच अर्थ ती कपात कोणापासून लपलेली नव्हती. पैसे वाहणाऱ्या कंपनीने चलन बदलताना दरातच मिसळून घेतलेल्या नफ्याला आज मराठीत घरगुती शब्द नाही. बट्टा हा जुना शब्द तिथे चपखल बसतो; पण वॉलेटच्या पडद्यावर तो कोण लिहिणार?

इंग्रजी अमदानीत मुंबईच्या कायद्याने या नालेकडेच बोट दाखवलं. १८६५ साली, म्हणजे अमेरिकन यादवी संपून कापसाची आणि शेअरांची तेजी मुंबईत कोसळली त्याच वर्षी, मुंबई इलाख्यासाठी पैजेच्या करारांविषयी एक छोटा कायदा झाला. पैजेचा करार कोर्टात चालत नाही हे तत्त्व आधीच होतं. या कायद्याने त्याला चिकटून केलेले करारही निकामी ठरवले. सट्टा लावून देणाऱ्या दलालाला आपली दलाली कोर्टातून मागता येईना. बाकीच्या हिंदुस्थानात अशी आनुषंगिक देणी वसूल होऊ शकत, मुंबईत नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेरूलाल पारख खटल्यात हा फरक मुद्दाम नोंदवला. मग १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आला. त्यात जुगाराचं घर कोणतं याची ओळखच अशी सांगितली की जिथे जागेचा किंवा साधनांचा मालक त्यांच्या वापरातून नफा कमावतो ते. घरात चार मित्र पत्ते खेळतात आणि अड्डा चालतो, यांतला फरक ओळखायची खूण नाल हीच ठरली. पैसा वाहणाऱ्यावर आणि नाल घेणाऱ्यावर नजर ठेवली की जुगार सापडतो, ही समज मुंबईच्या कायद्याला इतकी जुनी आहे.

मटक्याचा धंदा या कायद्याच्या सावलीत वाढला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव टेलिप्रिंटरने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा आकडा स्वतःच काढायची सोय झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा मटका आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांचा. शून्य ते नऊ यांतला एक आकडा, लागला तर एकास नऊ. दहा शक्यता आणि नऊपट परतावा, म्हणजे शेकडा दहा मालकाचे. गिरणीतून सुटून ओपन-क्लोज लावणाऱ्या कामगाराने टक्केवारी मांडून पाहिली नसेल, पण दहा आकडे आणि नऊ रुपये हे त्याला बोटांवर मोजता येत होतं. आकडा लिहून घेणाऱ्याचं कमिशन मालक देई. खेळणाऱ्याच्या चिठ्ठीवर वेगळी कपात नसे. आणि लागलेला आकडा चुकता झाला नाही तर दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावर कोणी फिरकलं नसतं. कोर्टाची दारं बंद असल्यामुळे सगळा धंदा विश्वासावर उभा होता. त्याने घरंच्या घरं बुडवली हे खरं आहे, आणि इथे त्याची आरती करायचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की बेकायदा मटक्यातसुद्धा नालेचा आकडा उघड होता आणि देणेकऱ्याचा पत्ता माहीत होता.

इंटरनेटवरच्या जुगाराने नेमक्या याच दोन गोष्टी दूर नेल्या. १९९४ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडा या कॅरिबियन बेटांच्या देशाने मुक्त व्यापार क्षेत्राचा कायदा केला आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी जुगार चालवणाऱ्यांना परवाने मिळू लागले. १९९६ मध्ये इंटरकॅसिनोसारखी संकेतस्थळं खरे पैसे घेऊ लागली. पत्ते आणि चक्र पडद्यावर आणणं तुलनेने सोपं होतं. अवघड होतं ते पैसे आणणं. गिऱ्हाईक कार्डाने पैसे भरे, हरे आणि बँकेला फोन करून व्यवहार नाकारे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बाईने तर कार्डांवर झालेलं सत्तर हजार डॉलरांच्या घरातलं जुगाराचं देणं फेडायला नकार देत कार्ड कंपन्यांनाच कोर्टात खेचलं. बँका बिचकल्या. जुगाराच्या व्यवहारांना ७९९५ हा स्वतंत्र संकेतांक होता, तो पाहून त्या व्यवहार अडवू लागल्या, आणि जून २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांशी समझोता करून सिटीबँकेने ते अडवण्याचं कबूल केलं. ही कोंडी फोडायला ई-वॉलेट पुढे आलं. कार्डातून वॉलेटमध्ये, वॉलेटमधून कॅसिनोत. बँकेच्या नोंदीत फक्त वॉलेटचं नाव उरलं. इंटरकॅसिनोसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या क्रिप्टोलॉजिकने पैशांसाठी ईकॅश डायरेक्ट ही स्वतःची व्यवस्था उभारली. १९९९ मध्ये कॅनडात नेटेलर आणि काही वर्षांत लंडनमध्ये मनीबुकर्स आली. तीच पुढे स्क्रिल झाली. जाहिरात सोयीची होती. पण कॅसिनोला त्यातून मिळालं ते असं की हरलेल्या गिऱ्हाइकाचा बँकेकडे जाण्याचा रस्ता बंद झाला. वॉलेटमध्ये पैसे पोचले की बँकेच्या लेखी सेवा पूर्ण झाली. पुढे काय झालं ते वॉलेट आणि गिऱ्हाईक पाहून घेतील. सोयीच्या खाली दडलेली ही पहिली किंमत, आणि ती कोणत्याच दरपत्रकात येत नाही.

जुगाराचे पैसे वाहण्याची जोखीम घेणाऱ्याचं काय होतं, ते पुढच्या पाच-सहा वर्षांत दिसलं. पेपॅलने ऑगस्ट २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी समझोता केला आणि दोन लाख डॉलर भरले. ईबेने तिला विकत घेतल्यावर तिने जुगाराचा धंदा सोडला, आणि २००३ मध्ये अमेरिकन सरकारला एक कोटी डॉलर दिले. पुढे कायदेशीर बाजारांत ती परतली, तो भाग वेगळा. तिने सोडलेली जागा नेटेलरने घेतली. ही कंपनी आयल ऑफ मॅनवर गेली, २००४ मध्ये लंडनच्या लहान शेअर बाजारात उतरली, आणि २००५ मध्ये तिच्यातून सात अब्ज डॉलरांहून अधिक पैसा वाहिला. तिच्या उत्पन्नातला ९५ टक्के वाटा जुगाराच्या व्यवहारांचा असल्याचं अमेरिकन तपास यंत्रणेने सांगितलं. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने बंदरांच्या सुरक्षेच्या कायद्याला जोडून इंटरनेट जुगाराची देणी-घेणी रोखणारी कलमं मंजूर केली. जानेवारी २००७ मध्ये नेटेलरच्या दोन्ही संस्थापकांना अटक झाली, दोन-तीन दिवसांत कंपनीने अमेरिकेतला कारभार गुंडाळला, आणि तिथल्या गिऱ्हाइकांचे सुमारे ९ कोटी ४० लाख डॉलर अडकून पडले. जुलैमध्ये कंपनीने १३ कोटी ६० लाख डॉलर जप्तीपोटी देण्याचं मान्य केलं आणि गिऱ्हाइकांना पैसे काढायची मुभा मिळाली. म्हणजे जिंकलेले असोत, हरून उरलेले असोत की न खेळलेले, त्या पैशांना सहा महिने हात लावता आला नाही. व्याज तर नाहीच. सभिकाला जो पैसा मिळवून द्यायचा होता, तो इथे वाहणाऱ्याच्याच पेटीत अडकला.

आता नालेचे तुकडे पाहू. बहुतेक आंतरराष्ट्रीय वॉलेटं कॅसिनोत पैसे भरताना काहीच कापत नाहीत किंवा नगण्य कापतात. कापणी दोन्ही टोकांना असते. पैसे वॉलेटमध्ये घालताना, चलन बदलताना, पुन्हा बँकेत काढताना. काही महिने खातं हललं नाही तर दरमहा ठरावीक रक्कम आपोआप वजा होते. क्रेडिट कार्डातून वॉलेट भरलं तर काही बँका ती रोख उचल धरतात आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावतात. यावर कळस म्हणजे अनेक कॅसिनो स्वागताचा बोनस देताना काही ठरावीक वॉलेटांतून भरलेले पैसे नियमावलीतल्या एखाद्या कलमाने वगळतात. चलन बदलण्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. समजा जाताना शेकडा तीन आणि येताना शेकडा तीन बट्टा दरात मिसळलेला आहे. दहा हजार रुपये एकही डाव न खेळता गेले आणि परत आले तर ९,४०९ उरतात. युरोपीय रूलेटमध्ये एक शून्य असतं, तिथे कॅसिनोचा वाटा शेकडा २.७. सरासरीने ५९१ रुपये गमवायचे तर त्या चक्रावर सुमारे बावीस हजारांचे डाव लावावे लागतील. म्हणजे आपली सगळी रक्कम दोनदा फिरवल्यावर कॅसिनोला जेवढं मिळालं असतं, तेवढं वाहणाऱ्याने चक्र फिरायच्या आधी आणि थांबल्यानंतर घेतलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: शुल्क संकेतस्थळावर लिहिलेलं असतं, वाचायचं की नाही हा गिऱ्हाइकाचा प्रश्न. शुल्क लिहिलेलं असतं हे खरं. पण द्यूताध्यक्षाचे पाण्याचे पैसे आणि मटक्याचे नऊ रुपये जिथे खेळ तिथेच कळत. इथे एक तुकडा वॉलेटच्या दरपत्रकात, दुसरा त्या दिवशीच्या विनिमय दरात, तिसरा बँकेच्या कार्डनियमांत, चौथा कॅसिनोच्या बोनसकलमात. चारही उघड असून त्यांची बेरीज कुठेच लिहिलेली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुगारी शेवटी कॅसिनोकडून हरतो, या चिल्लर कपातीने काय फरक पडतो? फरक असा की पैसे काढण्याचंच शुल्क असलं की थोडे जिंकलेले पैसे काढायचं मन होत नाही. चार हजार उरले, काढायला कापतात, तर राहू दे, पुन्हा खेळू. कपात स्वतः लहान राहून पैसा टेबलावर टिकवते. त्यात पैसा नोटांच्या रूपात दिसत नाही, तेव्हा हात आखडत नाही. एमआयटीतल्या ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कार्डाने पैसे देणारे लोक बास्केटबॉलच्या त्याच तिकिटांना रोखीने देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावायला तयार झाले. गोव्यात मांडवी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोत नोटांऐवजी चिपा देतात त्यामागेही हेच गणित आहे. वॉलेट म्हणजे घरबसल्या मिळालेली चिपांची थैली.

वॉलेटच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अनोळखी बेटावरच्या कंपनीला कार्डाचा क्रमांक देण्यापेक्षा मधे एखादी नोंदणीकृत संस्था असणं सुरक्षितच आहे. युरोपात २००० पासून इलेक्ट्रॉनिक पैशासाठी कायदा आहे आणि २००९ च्या सुधारित नियमांनी गिऱ्हाइकांचे पैसे वेगळे राखायचं बंधन घातलं. पण हा पैसा बँकेची ठेव नव्हे. त्याला ठेवविमा नाही आणि त्यावर व्याज द्यायलाही मनाई आहे. जर्मनीची वायरकार्ड जुगार आणि प्रौढ संकेतस्थळांची देणी वाहत मोठी झाली. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो मुळात नव्हतेच असं उघड झालं आणि ती बुडाली, तेव्हा ब्रिटिश नियामकाने तिच्या तिथल्या शाखेचे व्यवहार काही दिवस थांबवले. तिच्या भरवशावर चालणाऱ्या निरनिराळ्या अ‍ॅपांची कार्डं त्या दिवसांत निर्जीव झाली. ती कार्डं वापरणाऱ्यांत जुगार न खेळणारेही होते. मधला माणूस सुरक्षित आहे की नाही हे त्याच्यावर कोणी किती जबाबदारी लादली यावरच ठरतं. ब्रिटनने ते ओळखलं. १४ एप्रिल २०२० पासून तिथे क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी आली आणि जुगाराच्या नियामकाने वॉलेटांनाही तीच अट घातली: क्रेडिट कार्डातून आलेला पैसा जुगारात जाणार नाही याची खात्री देता येत असेल, तरच वॉलेट चालेल. वॉलेटचा पडदा पडदाच आहे हे मान्य करून केलेला हा नियम होता.

भारतात परदेशी वॉलेटचा रस्ता आधीच चोरवाटेचा होता. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशांसाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे, आणि लॉटरीतल्या कमाईतून बाहेर पैसे पाठवायलाही. म्हणून वॉलेटमध्ये रुपये घालणाऱ्याला याज्ञवल्क्याच्या भाषेत राजाचं संरक्षण नव्हतंच. पैसे अडकले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? पुढे यूपीआय आलं आणि चोरवाट देशातच वळली. परदेशातल्या बेटिंग अ‍ॅपांचे पैसे कोणाच्या तरी भाड्याच्या बँकखात्यात, ज्याला पोलीस म्यूल खातं म्हणतात, तिथे जाऊ लागले. महादेव या बेटिंग अ‍ॅपच्या प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने सांगितलेली रचना पाहिली तर मटक्याची आठवण येते: ठिकठिकाणी पॅनेलं म्हणजे शाखा आणि सत्तर-तीस असा नफ्याचा वाटा. मटकेवाल्याच्या कोपऱ्याला पत्ता होता. इथे खात्यावरचं नाव कुठल्या तरी विद्यार्थ्याचं किंवा मजुराचं असू शकतं, आणि खातं गोठलं की पहिली नोटीस त्यालाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशी खेळकंपन्यांवर भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. कर उघड होता, त्यामुळे लोकांना तो बोचला. कर न लावणारी परदेशी अ‍ॅपं त्या तुलनेत स्वस्त दिसू लागली, आणि न दिसणारी नाल दिसणाऱ्या कराला पुन्हा हरवून गेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि त्याचे पैसे वाहणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. १८६५ च्या मुंबईने दलालाची दलाली कोर्टाबाहेर ठेवली होती, १८८७ च्या मुंबईने नाल घेणारा घरमालक पकडला; आता पैसा नेणारी बँक आणि वॉलेटही त्याच ओळीत आले. बंदीमुळे हा सगळा हिशेब निकालात निघाला असं कोणी म्हणेल, पण मटक्याचा अनुभव तसा नाही. बंदी आली की वाहतुकीची जोखीम वाढते आणि जोखीम वाढली की नाल वाढते; ती कोणी मोजायची एवढंच बदलतं. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्याचे कुठल्या तरी भाड्याच्या खात्यात गोठलेले चार हजार परत मिळवून देण्याचं काम मात्र कायद्याने कोणावर सोपवलेलं नाही. खातं एका राज्यातल्या बँकेत, गोठवणारे पोलीस दुसऱ्या राज्यातले, अ‍ॅप तिसऱ्या देशातलं, आणि पावतीवर नाव कुण्या चौथ्याचंच.